गोल सुईचा सांधा

निर्मलाबाईंनी लोकरीचा एक सुटा धागा घेतला आणि सुईच्या सांध्यावरून हळूच ओढला. धागा अडकला. त्यांनी तो उलट बाजूनं ओढून पाहिला. पुन्हा अडकला आणि त्याचं बारीकसं तूस सांध्यातच राहिलं. मग त्यांनी दुसरी सुई उचलली. तिच्यावरून तोच धागा तेलावरून सरकावा तसा निघून गेला.

रतिलालशेठच्या दुकानात त्या दिवशी आठ नंबरच्या गोल सुया दोनच होत्या. गोल सुई म्हणजे वितीपेक्षा आखूड अशा दोन सुया आणि त्यांना जोडणारी नायलॉनची लांब तार. धुळ्यात ती मागणारं गिऱ्हाईक वर्षातून एखादंच. स्वेटर, टोपडी, मफलर सगळं सरळ सुयांवर भागतं. पण जाळीची मोठी शाल सरळ सुईवर होत नाही. ती पाच टाक्यांनी सुरू होते आणि ओळीओळीला वाढत साडेतीनशेवर जाते. तेवढे टाके सरळ सुईवर मावत नाहीत, आणि मावले तरी ओझ्यानं मनगट धरतं. गोल सुईवर ते ओझं तारेवर आणि तारेवरून मांडीवर येतं. फक्त सुई पारखून घ्यावी लागते. टोक अणकुचीदार हवं, तार लवचीक हवी आणि सुई नि तार जिथं जुळतात तो सांधा नखालाही लागता कामा नये. सांधा खडबडीत असला की बारीक लोकर तिथं धरते, पिंजते आणि तुटते. वर्गातल्या प्रत्येक मुलीची सुई निर्मलाबाई अशीच धागा ओढून स्वतः निवडून द्यायच्या. चोवीस वर्षांत त्यांनी कुणाला वाईट सुई दिली नव्हती.

वर्गातली झुंबर दुकानाच्या पायरीवर उभी होती. रतिलालशेठ पाठमोरे होऊन फळीवरची पांढरी लोकर काढत होते.

निर्मलाबाईंनी चांगली सुई, वर्गासाठी एक लागतेच असं म्हणत, आपल्या पिशवीत टाकली. दुसरी झुंबरपुढे धरली.

"ही घे. घरी गेल्यावर गरम पाण्यात बुडव, म्हणजे तारेचा पीळ निघेल."

झुंबरनं ती दोन्ही हातांनी घेतली.

हे एकोणनव्वद सालच्या जानेवारीतलं. निर्मलाबाई अहिरराव पाचव्या गल्लीतल्या महिला मंडळाचा विणकाम वर्ग चालवत होत्या आणि मार्चअखेर त्यांना अठ्ठावन्न पुरी होणार होती. मंडळाचे चिटणीस रुपचंदभाऊ सज्जन माणूस. त्यांनी दिवाळीनंतरच सांगून ठेवलं होतं की बाईंच्या जागी बाईंच्याच हाताखालची कुणी मिळाली तर उत्तम. तिनं नमुन्याची एक पूर्ण जाळीची शाल सहा आठवड्यांत विणून दाखवावी. कुणीच उतरली नाही, तर मग बाईंना दोन वर्षं वाढवून द्यावी लागतील, दुसरा इलाज नाही. शेवटचं वाक्य त्यांनी सहज म्हटलं होतं. निर्मलाबाईंच्या मात्र ते डोक्यात राहिलं.

घरी त्यांचा मुलगा सुकदेव आणि सून सिंधू यांनी मार्चनंतरची आखणी करून टाकली होती. आई आता घरीच असणार, तेव्हा स्वयंपाकाला बाई कशाला? आईची खाट बाहेरच्या खोलीतून मागच्या पडवीत गेली की बाहेर कोच मावेल. हे सगळं दोघांनी प्रेमानंच ठरवलं होतं, त्यांच्यासमोर, त्यांना न विचारता. निर्मलाबाई तेव्हा ताटावर बसल्या होत्या. नवरा गेल्यापासूनची सगळी वर्षं रोज अकरा वाजता त्या पांढरी साडी नेसून, पर्स घेऊन घराबाहेर पडत आल्या होत्या. "बाई निघाल्या" असं गल्लीतली माणसं म्हणत. पडवीतल्या खाटेवरच्या म्हातारीला कुणी बाई म्हणणार नव्हतं.

शालीसाठी नावं दोघींनी दिली. एकीचं लग्न ठरलं आणि ती दोंडाईच्याला निघून गेली. राहिली झुंबर बैसाणे.

झुंबर तीन वर्षं वर्गात येत होती. वडील तोताराम नगरपालिकेत पाण्याचे व्हॉल्व्ह सोडायच्या कामावर. मुलगी सावळी, उंच, कमी बोलणारी. वर्गात शेवटच्या बाकावर बसायची. तिचा हात पहिल्याच महिन्यात निर्मलाबाईंच्या नजरेत भरला होता. टाके असे एकसारखे पडायचे की सुलटं कुठलं आणि उलटं कुठलं हे कळायला काम उलटून पाहावं लागे. असा हात शिकवून येत नाही. इतर मुलींच्या कामावर निर्मलाबाई "छान" म्हणायच्या. झुंबरचं काम हातात घेऊन दोन्हीकडून पाहायच्या आणि परत द्यायच्या. आपण जातपात मानत नाही असं त्या नेहमी म्हणत, आणि वर्गात सगळ्यांना एकच माठ होता हे खरंही होतं. त्यांचा स्वतःचा तांब्या तेवढा वेगळा असे. त्याला इतर मुली खुशाल हात लावत. झुंबरनं कधी लावला नव्हता, आणि लाव असं तिला कुणी म्हटलंही नव्हतं.

झुंबरनं शालीसाठी पिंपळपानाची जाळी निवडली. ती सगळ्यात अवघड. पानाच्या टोकाला तीन टाके एकत्र घ्यावे लागतात आणि एक चुकला की वरचं सगळं पान तिरकं होतं.

पहिल्या दहा दिवसांत झुंबरनं वीतभर विणलं आणि उसवलं. पुन्हा विणलं, पुन्हा उसवलं. निर्मलाबाई टेबलाशी बसून पाहत होत्या. ओळ अर्धी झाली की झुंबर थांबायची, तारेवरचे टाके सुईवर आणायला ढकलायची आणि ते सांध्याशी अडून राहायचे. ढकलले तर धागा पिंजायचा, ओढले तर तुटायचा. मग तिनं नवीच पद्धत काढली. डाव्या हाताच्या तर्जनीच्या शेंड्यानं एकेक टाका उचलायचा आणि सांध्यावरून पलीकडे नेऊन ठेवायचा. एका ओळीत दोनशे, मग अडीचशे टाके. इतर मुली चार ओळी करायच्या तेवढ्यात तिची एक होई.

एका दुपारी ती काम घेऊन टेबलाशी आली.

"बाई, सुईतच काही दोष असेल का?"

निर्मलाबाईंनी तिच्या हातून काम घेतलं. सांध्याला हात न लावता, नुसती जाळी उजेडाकडे धरून पाहिली.

"सुई काय करणार? तुझा हात घट्ट आहे. सैल धर."

झुंबरनं त्यांच्याकडे पाहिलं. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ पाहिलं, असं निर्मलाबाईंना नंतर पुष्कळदा वाटलं. मग "बरं, बाई," म्हणून ती जागेवर गेली आणि पुन्हा एकेक टाका उचलू लागली.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला निर्मलाबाई लोकर आणायला रतिलालशेठकडे गेल्या. शेठनं आपण होऊन खोका पुढे केला. मुंबईहून नवा माल आला होता, आठ नंबरच्या डझनभर गोल सुया. त्या दिवशी तुमच्या त्या मुलीच्या वाट्याला जरा खराब नग गेला, ते म्हणाले. मी पाठमोरा होतो, नाहीतर दिलाच नसता. तिला पाठवून द्या, बदलून देतो, वर काही द्यायचं नाही.

निर्मलाबाईंनी खोक्यातली एक सुई उचलून तार बोटांभोवती गुंडाळली आणि सोडली. तार पाण्यासारखी सरळ झाली.

"नको," त्या म्हणाल्या. "तिचं निम्म्यावर आलंय. मध्येच सुई बदलली की टाके लहानमोठे होतात."

हे खरं नव्हतं. नंबर तोच असला तर काही होत नाही. पण शेठ लोकर विकत होते, विणत नव्हते. त्यांनी मान हलवली आणि खोका परत ठेवला.

घरी जाताना निर्मलाबाईंनी स्वतःला समजावलं की आपण काही हिसकावून घेतलेलं नाही. अवघड परीक्षा अवघडच असायला हवी. जिचा हात पक्का, ती कशावरही विणेल. हे समजावणं त्यांना दोन दिवस पुरलं. तिसऱ्या दिवशी झुंबर तर्जनीला चिंधी बांधून आली. टाके उचलून उचलून शेंड्याची कातडी फाटली होती. पांढऱ्या लोकरीला डाग लागू नये म्हणून तिनं चिंधीवर प्लॅस्टिकचा तुकडा गुंडाळून घेतला होता. शेजारच्या मुलीनं काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा विळीवर कापलं म्हणाली. निर्मलाबाईंनी हजेरीपट उघडला आणि आधीच भरलेली हजेरी पुन्हा वाचून काढली.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात शाल सुईवरून उतरली. परीक्षेच्या आदल्या दिवशी झुंबर ती पाण्यात भिजवून, पंच्यात दाबून वर्गावर घेऊन आली. सोबत आई भिकुबाई होती, टाचण्यांची डबी हातात धरून. जाळीचं काम सुईवरून उतरतं तेव्हा चुरगळलेल्या चिंधीसारखं दिसतं. ओलं करून, ताणून, कडेनं टाचण्या लावून वाळवलं म्हणजे ते उघडतं. जमिनीवर चटई, चटईवर जाड चादर घालून मायलेकी टाचण्या लावत गेल्या. निर्मलाबाई खुर्चीवरून उठल्या, गुडघे टेकून बसल्या आणि तिसरी कड त्यांनी धरली. हात आपोआप गेले.

शाल ताणली गेली आणि पान न पान उघडलं. मधल्या शिरेपासून टोकापर्यंत एकही तिरकं नव्हतं. निर्मलाबाई तुटलेल्या धाग्यांचे जोड शोधू लागल्या. ते असणार हे त्यांना माहीत होतं, त्यांनी स्वतः सात मोजले होते. त्यांना दोन सापडले, तेही बोटाला, डोळ्याला नाही.

"हाई बोधीनं पान शे, बाई," भिकुबाई म्हणाली. निर्मलाबाई त्याला इतकी वर्षं पिंपळपान म्हणत आल्या होत्या. "तुम्हीन शिकाडं म्हनीसन जमनं तिले. बठ्ठं तुम्हनंच शे." सगळं श्रेय तिनं बाईंना देऊन टाकलं.

झुंबर खाली मान घालून शेवटची टाचणी लावत होती.

दुसऱ्या दिवशी जळगावहून परीक्षक बाई आल्या. रुपचंदभाऊंनी त्यांना शाल दाखवली. त्यांनी ती हातावर घेतली, फिरवली, खिडकीशी नेली, चष्मा काढून पाहिली. मग त्यांनी झुंबरला नाव विचारलं, वडील काय करतात ते विचारलं, आडनाव पुन्हा एकदा विचारलं. शालीकडे पाहिलं, झुंबरकडे पाहिलं आणि निर्मलाबाईंकडे वळल्या.

"स्पष्ट विचारते, राग मानू नका. हे हिनं एकटीनं विणलंय? की तुम्ही हात लावलात?"

निर्मलाबाईंना काही करावं लागणार नव्हतं. खोटंही बोलावं लागणार नव्हतं. "थोडंफार दाखवलं" एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं, आणि ते खरंच होतं. तीन वर्षं त्यांनीच तर दाखवलं होतं. नुसतं गप्प राहिलं तरी भागलं असतं. परीक्षक बाईंनी आपला अर्थ आधीच काढून ठेवला होता. निर्मलाबाई गप्प राहिल्या. खाली गल्लीत कुणीतरी भांड्यांना कल्हई म्हणून ओरडत होतं. तो आवाज जवळ आला आणि पुढे निघून गेला. रुपचंदभाऊंनी घसा खाकरला.

झुंबर भिंतीशी उभी होती. ती परीक्षक बाईंकडे पाहत नव्हती, शालीकडे पाहत नव्हती. ती निर्मलाबाईंकडे पाहत होती आणि तिच्या नजरेत विनवणी नव्हती. रस्त्यावर दोन माणसांत काय होतंय ते पलीकडच्या ओट्यावरून बघावं तशी ती बघत होती.

"नाही," निर्मलाबाई म्हणाल्या. "माझा एक टाकासुद्धा नाही."

झुंबरची नेमणूक झाली.

त्या संध्याकाळी निर्मलाबाई घरी चालत गेल्या आणि पुष्कळ दिवसांनी त्यांना हलकं वाटलं. शेवटी आपण योग्य तेच केलं. पडवी तर पडवी. एवढं करून दिल्यावर मागचं फिटलं, असं त्यांनी मनाशी धरलं. मार्च महिनाभर त्या वाट पाहत राहिल्या की झुंबर काही बोलेल. पाया पडेल, निदान "तुमच्यामुळे" असं काही म्हणेल. झुंबर वेळेवर यायची, कपाटातल्या नमुन्यांची माहिती करून घ्यायची, विचारायचं ते नेमकं विचारायची आणि निघून जायची.

एकतीस मार्चला निरोप समारंभ झाला. ऊन चाळिशीला टेकलं होतं. रुपचंदभाऊ बोलले, दोन मुली रडल्या, एकीनं गाणं म्हटलं. मग शाल-श्रीफळ द्यायला नव्या बाईंना पुढे बोलावलं. निर्मलाबाईंनी पदर सारखा केला. पिंपळपानाची शाल नमुन्यांच्या कपाटात होती आणि किल्ली झुंबरकडे होती. झुंबर तबक घेऊन आली. तबकात मंडळानं दुकानातून आणलेली शाल होती, यंत्रावरची, किरमिजी रंगाची, काठाला सोनेरी धागा. झुंबरनं ती उलगडली, त्यांच्या खांद्यांवर नीट घातली, हातात नारळ दिला आणि दोन पावलं मागे सरली. टाळ्या वाजल्या.

माणसं पांगली. मुली पेढ्यांचे खोके आवरून गेल्या. वर्गात दोघीच राहिल्या. निर्मलाबाईंनी टेबलाच्या खणातलं आपलं सामान पिशवीत भरलं, चष्म्याचं घर, तांब्या, कात्री. कात्री मंडळाची होती हे लक्षात येऊन परत ठेवली. मग राहवेना म्हणून त्या बोलल्या.

"झुंबर, त्या सुईचा सांधा खराब होता."

"हो, बाई."

ती चकित होईल, निदान मान वर करेल, असं निर्मलाबाईंना वाटलं होतं.

"तुला कधी कळलं?"

"पहिल्या आठवड्यात वाटलं होतं. मग रतिलालशेठनं बोलावून नवी दाखवली. बाई नको म्हणाल्या, पण तू ने, म्हणाले."

शेठनं तेही सांगितलं होतं तर. निर्मलाबाईंनी खांद्यावरची शाल पुढे ओढून घेतली. तिच्या आत घाम धरत होता.

"मग नेली का नाहीस? बोट फाटेपर्यंत कशाला..."

झुंबर नमुन्यांचं कपाट लावत होती. तिनं दार बंद केलं, किल्ली फिरवली, ओढून पाहिलं.

"सुई बदलली असती, तर तुम्ही दुसरं काहीतरी काढलं असतं, बाई. सुईचं मला माहीत तरी होतं."

आवाजात राग नव्हता. एखाद्या मुलीला ओळ समजावून सांगावी तसं ती बोलली. निर्मलाबाईंनी पिशवी बंद केली. परीक्षक बाईंनी विचारलं त्या वेळचं त्यांच्या ओठांवर आलं होतं. मी नाही म्हटलं ना, माझा एक टाकासुद्धा नाही असं म्हटलं ना. पण ते म्हणायला आपण किती वेळ लावला होता हेही त्या दोघींनाच ठाऊक होतं. त्यांनी दुसरंच विचारलं.

"मोठ्या शालींचं काम एकटीला जड जाईल तुला. आठवड्यातून एखादा दिवस आले तर? गुरुवारी वगैरे. मानधन काही नको."

"कळवीन, बाई."

"कळव. घर माहीत आहे ना तुला?"

विचारून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं. दर संक्रांतीला वर्गातल्या मुली त्यांच्या घरी हळदीकुंकवाला यायच्या. या वर्षीही आल्या होत्या, अगदी नव्या आलेल्यासुद्धा.

"गल्ली माहीत आहे," झुंबर म्हणाली.

निर्मलाबाईंनी पिशवी पुन्हा उघडली. आतून एक कागद शोधून काढला आणि टेबलावर वाकून पूर्ण पत्ता लिहिला. गल्लीचा नंबर, घराचा नंबर, समोर पिठाची गिरणी. जरा थांबून त्यांनी खाली आपलं नावही लिहिलं. झुंबरनं कागद घेतला, वाचला, घडी केली आणि टेबलावर ठेवला. पंख्यानं उडू नये म्हणून त्यावर कात्री ठेवली.

मग ती दुसऱ्या दिवशीच्या वर्गासाठी बाकं सरळ लावू लागली. निर्मलाबाईंनी एका बाकाचं टोक धरायला हात पुढे केला, पण झुंबरनं ते एकटीनंच सरकवून घेतलं होतं.